आत्याच्या नळीतला पाहुणा

पडदा वर जातो. समोर एक लांबट, बिनखिडकीची खोली. छताला दोन दिवे. त्यातला एक लहरी, मनात आलं तरच पेटणारा. डाव्या भिंतीला गॅसचे उंच सिलिंडर साखळीने बांधलेले, नुकत्याच पकडून आणलेल्या दरोडेखोरांसारखे. उजवीकडे एक जुना फ्रीजर, भरपेट जेवून झोपलेल्या पैलवानासारखा घोरणारा. आणि मधोमध, ऐतिहासिक नाटकात जिथे सिंहासन मांडतात त्या जागी, एक करड्या रंगाचा ओव्हन. माणसं अजून विंगेत आहेत. पण पहिला प्रवेश झालेला आहे, तो वासाचा. सडक्या अंड्यांचा वास. नवखा प्रेक्षक असेल तर पहिल्या रांगेतून उठून मुकाट्याने मागे जाऊन बसतो.

मग दार ढकलून येते ती आपली नायिका. ठेंगणी, गोलसर, पन्नाशी कधीच ओलांडलेली, कपाळावर चढवलेला चष्मा टेबलावर शोधणारी. अंगात पांढरा कोट. त्याच्या खिशांत पेनं, कात्री, रबरी बुचं आणि खोकल्याच्या गोळ्या एकत्र नांदतात. ती दारात थांबते, छाती भरून श्वास घेते आणि म्हणते, "हं. सगळं ठीक दिसतंय." ज्या वासाने इतरांच्या डोळ्यांत पाणी येतं, त्याने हिच्या जिवात जीव येतो. वास आहे म्हणजे जंतू जागे आहेत.

प्रयोगशाळेत सगळे तिला 'आत्या' म्हणायचे. हे नाव दिलं होतं जुन्या सरांनी. बोटीवरून समुद्र पालथा घालणारे, दाढीत मीठ घेऊन परतणारे ते गृहस्थ एकदा म्हणाले होते, "आई मुलाला एखाद वेळी उपाशी ठेवेल, पण आत्या नाही ठेवणार. या जंतूंना आत्या मिळालीय." तेव्हापासून शिपायापासून संचालकांपर्यंत सगळ्यांची ती आत्या झाली. तिचं खरं नाव फक्त पगाराच्या कागदावर उरलं.

हे जंतू कुठले? समुद्राच्या पार तळाशी, जिथे उजेड म्हणून कधी पोहोचलाच नाही, तिथे जमिनीला भेगा पडलेल्या असतात आणि त्यांतून उकळतं पाणी उसळत असतं. त्या पाण्यात बोट घातलं तर सालटं निघेल. तिथे हे जंतू संसार थाटून बसलेले. आपली हवा म्हणजे त्यांना विष. आपल्या खोलीतली ऊब म्हणजे त्यांना हुडहुडी. म्हणून त्यांच्या नळ्यांतली हवा आधी काढून टाकायची, वर रबरी बूच घट्ट बसवायचं आणि ओव्हनच्या धगीत ठेवायचं. नळीतल्या पाण्यात एक रंग मिसळलेला असतो. हवा बाहेर असेपर्यंत तो दिसत नाही, पण केसाएवढ्या फटीतून हवा शिरली तरी पाणी गुलाबी होतं. गुलाबी रंगाला घाबरणारी बाई जगात एकच असावी. आत्यांच्या पुतणीच्या लग्नात सगळा मांडव गुलाबी होता; त्या जेवल्या नाहीत.

आणि गंमत म्हणजे या बाईंनी खोल समुद्र पाहिलेला नव्हता. जुन्या सरांनी एकदा मोठ्या हौसेने बोटीवर नेलं होतं. धक्का सुटला तशी आत्यांनी कठडा धरला आणि परत धक्क्याला लागेपर्यंत सोडला नाही. मधल्या काळात त्यांनी समुद्राकडे पाहिलं ते फक्त पोट रिकामं करायला. "समुद्र कसा होता गं?" असं नवऱ्याने विचारल्यावर त्या म्हणाल्या, "हिरवा. मी पण."

जंतूंचं झालं. आता खलपुरुष. समुद्राच्या तळाशी सुद्धा जंतूंना सुखाने जगू देत नाहीत ते विषाणू. जंतूहूनही कितीतरी लहान; स्वतःचं घर नाही, चूल नाही. जंतूच्या अंगात शिरायचं, त्याच्याच भांड्याकुंड्यांत स्वतःच्या नकला रांधायच्या आणि शेवटी घर फोडून शेकड्यांनी बाहेर पडायचं. जंतू आपलं कुलूप बदलतात, विषाणू नवी किल्ली घडवतात. पुन्हा कुलूप, पुन्हा किल्ली. हे नाटक माणूस जन्मायच्या कितीतरी आधीपासून चालू आहे, आणि त्याला मध्यंतर नाही.

हेच नाटक जुन्या सरांनी ओव्हनमध्ये लावलं होतं. एका नळीत जंतू आणि त्यांचा विषाणू एकत्र ठेवायचे. थोड्या दिवसांनी त्यातले चार थेंब सिरिंजने काढून ताज्या पाण्याच्या तीन नळ्यांत सोडायचे. मग त्या तिन्हींतली एक उचलायची आणि पुढच्या तिघींत तिचे थेंब. असं वर्षानुवर्षं. दर खेपेचा थोडा नमुना फ्रीजरमध्ये, म्हणजे पणजोबांपासून पणतूपर्यंत सगळ्या पिढ्या बर्फात हजर. कोण बदलतं, कसं बदलतं ते पाहायचं. नळी गढूळ दिसली तर जंतू वाढलेत. नितळ दिसली तर विषाणूने त्यांचा फडशा पाडलाय. कोणती नळी पुढे न्यायची ते चिठ्ठी टाकून ठरवायचं, एवढा एकच नियम सर घालून गेले आणि पुन्हा बोटीवर चढले.

इथे आत्यांचं पूर्वायुष्य मध्ये आलं. इथे येण्याआधी त्या बेकऱ्यांना यीस्ट पुरवणाऱ्या एका कारखान्यात होत्या. काम एकच, यीस्टचे वाण जिवंत ठेवायचे. तिथला वस्ताद हातावर पट्टी मारून शिकवायचा: बाटली बदलताना सगळ्यात धष्टपुष्ट बाटलीतूनच घ्यायचं, मेल्या बाटलीतून घेशील तर उद्या शहराला पाव मिळणार नाही. ते हाताला जे लागलं ते लागलंच. आत्या चिठ्ठी टाकायच्या, इमानदारीने टाकायच्या. पण चिठ्ठीत नितळ नळीचा आकडा निघाला, तर त्यांचा हात आपोआप शेजारच्या गढूळ नळीकडे वळायचा. लबाडी म्हणून नव्हे. आपण काही वेगळं करतोय हे त्यांना कधी जाणवलंच नाही. बसमध्ये मोडकी सीट दिसली की माणूस शेजारच्या सीटवर बसतो, तसं.

वीसेक वर्षं असं चाललं. जुने सर निवृत्त झाले, आणि आले नवे सर.

नवे सर म्हणजे बांबूसारखे उंच आणि तितकेच पोकळ, असं आत्यांचं पहिल्या दिवशीचं मत. दुसऱ्या दिवशी त्यांनी 'पोकळ' मागे घेतलं. माणूस हुशार होता, फक्त पाहायचा लॅपटॉपकडे आणि बोलायचाही त्याच्याशीच. वय आत्यांच्या कारखाना धरून झालेल्या नोकरीएवढं. त्यांना 'मॅडम' म्हणायचा. आत्यांना ती हाक ऐकली की वाटायचं, मागे कुणी बँकेतलं उभं आहे की काय.

एका सोमवारी ते खुर्ची ओढून आत्यांसमोर बसले. खुर्ची ओढली म्हणजे बातमी वाईट, हे आत्यांनी ओळखलं.

"मॅडम, तुमच्या नळ्या मी तपासल्या."

"मग? सुदृढ आहेत ना?"

"फारच सुदृढ आहेत. तोच तर प्रश्न आहे. जंतू गाळून बाजूला काढले आणि उरलेलं पाणी ताज्या जंतूंवर टाकलं. काही झालं नाही. एक जंतू मेला नाही. त्यात विषाणूच नाहीये."

"नाही म्हणजे?"

"म्हणजे संपला. कधीतरी मधेच गेला. किती वर्षांपूर्वी, कोण जाणे. तुम्ही इतकी वर्षं नुसते जंतू वाढवताय."

आत्यांच्या हातात तेव्हा एक रबरी बूच होतं. ते त्या बराच वेळ दाबत राहिल्या.

"शुक्रवारी बोट येतेय," सर लॅपटॉपला सांगावं तसं म्हणाले. "नवे नमुने येणार. ओव्हन रिकामा लागेल. तुमच्या नळ्या शुक्रवारी ऑटोक्लेव्हमध्ये जातील."

ऑटोक्लेव्ह म्हणजे कोपऱ्यातला वाफेचा मोठा कुकर. त्यात गेलेलं काहीही सहसा जिवंत बाहेर येत नाही, समुद्राच्या तळाचंही नाही. आणि नळ्या गेल्या म्हणजे नुसत्या नळ्या जाणार नव्हत्या. आत्यांचं उभं आयुष्य त्या ओव्हनमध्ये होतं. पुढच्या वर्षी त्या निवृत्त होणार. 'काय केलंत हो इतकी वर्षं?' असं कुणी विचारलं तर 'नसलेल्या विषाणूची देखभाल' असं सांगायचं?

"एक खेप करू द्या," त्या म्हणाल्या. "शेवटची. गुरुवारी नळ्या बदलायच्या आहेत, तेवढ्या बदलते."

"कशाला? दुसऱ्या दिवशी तर..."

"अहो, उद्या फाशी आहे म्हणून आज कुणाला उपाशी ठेवतात का?"

सरांनी पहिल्यांदा लॅपटॉपवरून मान वर केली. "बरं," ते म्हणाले. "मी बसेन बघायला." हे ते निव्वळ सौजन्य म्हणून म्हणाले होते. पण काही वेळा सौजन्याचंच सोनं होतं.

त्या संध्याकाळी आत्या घरी आल्या तेव्हा सोफ्यावर मामा होता. हे काही विशेष नव्हतं. मामा म्हणजे आत्यांचा धाकटा भाऊ. मुलीचा मामा म्हणून सगळ्यांचाच मामा. 'ताई, चार दिवस राहतो,' म्हणून एक बॅग घेऊन आला होता तेव्हा मुलगी शाळेत होती. आता मुलगी स्वतःच्या घरी नांदत होती, आणि मामा तिच्या खोलीत. बॅग अजून दाराशी होती, कारण 'निघायचंच तर आहे'. भांडत नव्हता, मागत नव्हता, पसारा करत नव्हता. सकाळी आपला कप आपण विसळायचा. घरात असूनही नसल्यासारखा, आणि तरी असायचाच.

आत्यांचा नवरा शाळेत कवायत शिकवायचा. घरातही त्याचा आवाज मैदानाएवढा. "अगं, चेहरा का उतरलाय? सावधान! सरळ उभी राहा, आणि सांग."

आत्यांनी सांगितलं. कवायतीत या प्रसंगाला आज्ञा नव्हती. नवऱ्याने उठून फक्त चहा ठेवला.

"ताई," मामा सोफ्यावरून म्हणाला, "तो विषाणू नाही म्हणजे बाहेर नाही की घरातच नाही?"

"तुला काय कळतंय त्यातलं?"

"काही नाही. विचारलं आपलं."

तेवढ्यात फोन वाजला. पलीकडे नवऱ्याचा चुलतभाऊ. बायको, दोन मुलं, सासू असा लवाजमा घेऊन पुढच्या आठवड्यात यायचं म्हणत होता. हॉटेलं परवडत नाहीत, तुमच्याकडे ती एक खोली आहे ना?

"नाही रे," नवरा उघड सुटकेच्या स्वरात म्हणाला. "मेहुणा आहे ना तिथे. जागाच नाही. हो, अजून आहे. हो, तोच."

फोन ठेवून त्याने मामाकडे पाहिलं. "तुझा एवढा एक उपयोग आहे बघ. तू असताना दुसरा कुणी पाय पसरत नाही."

मामाने मान झुकवून कौतुक स्वीकारलं. आत्या हसल्या नाहीत. चहाचा कप हातात घेऊन त्या मामाकडे टक लावून बघत राहिल्या, इतकं की मामाने घाबरून विचारलं, "ताई, मी कप विसळलाय."

गुरुवार उजाडला. दुसरा अंक. ओव्हनच्या एका बाजूला आत्या, दुसऱ्या बाजूला स्टुलावर घडी घालून बसवलेले नवे सर. आत्यांनी जाड हातमोजे चढवले, ओव्हन उघडला, तीन नळ्या स्टँडवर आणून ठेवल्या. दोन गढूळ, एक जरा नितळ. अशी नितळ नळी हल्ली क्वचित, जंतू नीट रुजले नाहीत तरच निघायची. पूर्वी नेहमी निघायची, हे आत्यांना आठवत होतं. पण पोरं थोराड झाली की कमी आजारी पडतात, तसं काहीतरी असेल असं त्या धरून चालल्या होत्या.

त्यांनी डब्यातून चिठ्ठी काढली. उघडली. आकडा नितळ नळीचा होता. त्यांनी चिठ्ठी नीट परत घडी केली, डब्यात टाकली, गढूळ नळी उचलली, बूच स्पिरिटने पुसलं आणि सुई टोचली.

"थांबा," सर म्हणाले.

"काय झालं? हवा शिरली?" आत्या आधी गुलाबी शोधायला लागल्या.

"चिठ्ठीत कोणता आकडा होता?"

"दोन."

"आणि हातात?"

आत्यांनी नळीकडे पाहिलं. "तीन."

"का?"

"का म्हणजे? दोन मेलीय की. मेलीतून काय घ्यायचं?"

"नेहमी असंच करता?"

"अहो, नेहमी म्हणजे काय, सगळे असंच करतात! धष्टपुष्ट असेल त्यातून घ्यायचं. नाहीतर उद्या..." 'शहराला पाव मिळणार नाही' हे वाक्य ओठांपर्यंत आलं आणि तिथेच अडकलं. समुद्राच्या तळाच्या जंतूंचे कुणी पाव करत नव्हतं. आत्यांच्या लक्षात आलं. हळूहळू, खालून वर पाणी तापत यावं तसं त्यांचं तोंड लाल होत गेलं.

"अरे देवा," त्या खुर्चीत बसल्या. "म्हणजे मीच घालवला. मारणारा विषाणू ज्या ज्या नळीत जिंकला ती ती नळी मी टाकून दिली. वीस वर्षं. मीच त्याला वेचून वेचून हाकललं."

आता सर आत्यांना धरून चांगलं झापणार, असं प्रेक्षकांना वाटलं असतं. पण सर स्टुलावरून उठले ते येरझाऱ्या घालायला लागले. खोली लहान आणि पाय लांब, त्यामुळे दोन ढांगांत भिंत यायची.

"हाकललंत? थांबा, थांबा. मारणारे हाकललेत. पण जे मारत नव्हते ते? एखादा जरा मवाळ निघाला असेल, आत शिरला पण घर फोडलं नाही, गपचूप बसून राहिला. त्याची नळी गढूळ राहिली. ती तुम्ही उचललीत. पुढच्या खेपेला त्याचीच पिलावळ, त्यात आणखी एखादा मवाळ, पुन्हा तुम्ही तोच उचललात..." भिंत आली. सर वळले. "आत्या! मी पाण्यात शोधला. जंतू गाळून फेकून दिले आणि रिकाम्या पाण्यात विषाणू शोधत बसलो. तो बाहेर येतच नसेल तर पाण्यात कसा सापडेल?"

"मामा हेच म्हणत होता," आत्या पुटपुटल्या.

"कोण मामा? कुठल्या संस्थेत असतात?"

"सोफ्यावर."

सरांना ते ऐकू गेलं नाही. ते तोवर गढूळ नळीतले थेंब घेऊन समोरच्या खोलीतल्या यंत्राकडे पळाले होते. तिथे जंतू फोडून त्यांच्या आत काय लिहिलंय ते वाचता येत असे. आत्या मात्र स्टँडसमोर बसून राहिल्या. हातात काम नसलं की त्यांना कसंतरीच व्हायचं, म्हणून त्यांनी सगळ्या पेनांची टोपणं काढून परत लावली.

दुपार कलता कलता सर परत आले. केस उभे, कोटाची बटणं एक सोडून लागलेली. "आहे," ते म्हणाले. "आतच आहे. जवळजवळ प्रत्येक जंतूत. तोच, पण बदललाय. भिंत फोडायची हत्यारंच टाकून दिलीत त्याने. मॅडम, तुम्ही उत्क्रांतीला वेगळ्या गल्लीत वळवलंत."

"मी? मी तर फक्त नळी बदलली."

"तेच म्हणतोय." मग ते स्टुलावर टेकले आणि चेहऱ्यावरचा उजेड थोडा मंद झाला. "पण खरं सांगू? वरचे लोक विचारतील, हा करतो काय. मारत नाही, पसरत नाही, नुसता बसून असतो. फुकट्या. त्याच्यासाठी ओव्हन अडवून ठेवा असं मी कुणाला सांगू? उद्या बोट येतेय."

आत्यांनी घसा साफ केला. बोलावं की नको, असं त्यांना झालं. मग त्यांनी ठरवलं की आज इतकी शोभा झालीय, त्यात आणखी थोडी.

"सर, आमच्या घरी एक आहे असा."

"विषाणू?"

"भाऊ. मारत नाही, भांडत नाही, नुसता बसून असतो. पण तो असल्यापासून दुसरा पाहुणा टिकत नाही. म्हणून म्हटलं... फ्रीजरमध्ये अगदी पहिल्या खेपेचा विषाणू आहे. तो जुना, मारकुटा. तो सोडून बघायचा का आमच्या नळीत? आत बसलेला त्याला येऊ देतो का ते कळेल."

सर हळूच म्हणाले, "सख्खा भाऊ?"

"सख्खा."

"त्यांना माझा नमस्कार सांगा."

शुक्रवारी सकाळी दोघांनी मिळून फ्रीजरचा घोरता पैलवान उघडला. बर्फाच्या थराखालून, जुन्या सरांच्या तिरक्या अक्षरांच्या चिकटपट्टीची कुपी आत्यांनी चिमट्याने वर काढली. मारकुटा पणजोबा. सरांनी नळ्या मांडल्या: एका बाजूला सरांनी आधीच्या तपासणीसाठी वाढवलेले पहिल्या खेपेचे साधे जंतू, ज्यांच्या घरी कुणीच पाहुणा नाही. दुसऱ्या बाजूला आत्यांच्या नळीतले. दोन्हीकडे मारकुट्याचे सारखे थेंब. आत्या सुई टोचू लागल्या, तसा सरांनी स्टँड घट्ट धरला. ओव्हनचं दार लागलं.

आणि मग नाटकातली सगळ्यात अवघड गोष्ट: काहीच न करता रंगमंचावर उभं राहणं. कोपऱ्यात ऑटोक्लेव्ह तापत होता, कारण ठरलेलं वेळापत्रक ठरलेलंच होतं. त्याच्यासमोर ढकलगाडीवर आत्यांच्या मागच्या खेपांच्या बाकीच्या नळ्या ट्रेमध्ये रचून ठेवलेल्या, वर सरांच्या हातची चिठ्ठी, 'टाकायच्या'. त्या चिठ्ठीकडे बघायचं नाही असं ठरवून आत्या दर थोड्या वेळाने तिच्याकडे बघत होत्या.

"मॅडम, बसा ना."

"बसलेच आहे."

"तुम्ही उभ्या आहात."

"मग तुम्ही कशाला उभे आहात?"

दोघेही बसले. पुन्हा दोघेही उठले.

"खाली समुद्रात असंच होत असेल का हो?" आत्यांनी विचारलं. जुन्या सरांच्या त्या सफरीत बोट लागल्यापासून समुद्राबद्दल त्यांनी आपणहून काढलेला हा पहिलाच विषय.

"होत असावं. खूप ठिकाणी विषाणू असे आत बसलेले सापडतात. खाली वस्ती विरळ, दुसरं घर कुठल्या कुठे. घर फोडून बाहेर पडलेल्याला नवं घर मिळेलच याची खात्री नाही. त्यापेक्षा आहे तिथे गुण्यागोविंदाने राहिलेलं परवडतं. आणि घरमालक मेला तर आपणही मेलो, म्हणून मग त्याची राखणही आलीच. पण तिथे हे सगळं अंधाराने आणि अंतराने घडवलं. इथे..." ते हसले. तो माणूस हसला की बराच लहान दिसायचा. "इथे अंधाराचं काम तुमच्या दयेने केलं."

"दया कसली? खोड म्हणा."

संध्याकाळ होता होता बोटीवरून फोन आला. नमुने धक्क्यावर उतरले, गाडीत चढताहेत, जागा तयार ठेवा. सरांनी "हो, हो" म्हटलं आणि फोन ठेवला. आत्यांनी "उघडू का?" म्हटलं नाही. नुसते हातमोजे चढवून उभ्या राहिल्या.

सरांनीच मान हलवली.

ओव्हनचं दार उघडलं. वाफाळता वास बाहेर आला. आत्यांनी आधी साध्या जंतूंच्या नळ्या काढल्या. नितळ. काचेपलीकडे सरांच्या सदऱ्याची रेघ अन् रेघ दिसत होती. पणजोबाने बर्फातून उठून एका दिवसात सगळं साफ केलं होतं. मग आत्यांनी डोळे मिटले, आपल्या नळ्या हातात घेतल्या आणि तशाच उभ्या राहिल्या.

"मॅडम, डोळे उघडा."

"तुम्हीच सांगा."

"नाही. तुम्ही बघा."

त्यांनी एक डोळा उघडला. चष्मा कपाळावर होता, त्यामुळे आधी काहीच कळेना. सरांनी हात लांब करून तो खाली नाकावर आणला.

गढूळ. तिन्हीच्या तिन्ही गढूळ. ताकासारख्या दाट. मारकुटा बाहेर धडका मारून थकला होता आणि आतला सुखात होता.

सर लगेच सावध झाले. त्यांच्या शिक्षणाचा तो दोष होता. "हे पक्कं नाही हं. जंतूंनीच कुलूप बदललं असेल, पाहुण्याचा त्यात हात नसेलही. पाहुणा निघून गेलेला एखादा जंतू शोधून त्याच्यावर पुन्हा हेच करावं लागेल. फ्रीजरमधली एकेक पिढी काढून, हा कधी मवाळ झाला ते बघावं लागेल. आणि शेजारी दुसरी मालिका, चिठ्ठी म्हणेल तीच नळी उचलायची, मेली तरी तीच. ती मात्र मी करीन. तुमच्या हातावर माझा काडीचा विश्वास नाही."

"मग या?" आत्यांनी ढकलगाडीकडे बोट दाखवलं.

"या सगळ्याला त्या जिवंत लागतील ना."

सरांनी ट्रेवरची चिठ्ठी उचलली, तिचा बोळा केला आणि खिशात कोंबला. ऑटोक्लेव्हचं बटण बंद केलं. तो नाराजीने फुसफुसून गप्प झाला. ट्रे स्वतः उचलून ते ओव्हनपाशी आले, वरच्या कप्प्यात एकेक नळी लावू लागले, आणि बोटीचे नमुने खालच्या कप्प्यात कसे दाटीवाटीने बसतील याचा हिशोब तोंडाने मांडू लागले. मांडता मांडता एक नळी हातात धरून थबकले, दिव्यासमोर नेली, इकडून बघितली, तिकडून बघितली. "कमाल आहे," ते म्हणाले. "काय कमाल आहे! यावर मोठा लेख होईल, मॅडम. तुमचं नाव पहिलं. जगभरातून माणसं येतील ही नळी बघायला. मला तर वाटतं..."

आत्यांनी हातमोज्यातल्या हाताने त्यांच्या हातातली नळी अलगद काढून घेतली.

"सर, येतील तेव्हा येतील. तुम्ही आधी ते दार लावा, सगळी ऊब बाहेर चाललीय."